असुरक्षित गर्भपात : तरुणींच्या संदर्भातील सामाजिक हेतू

निदानपंचकात हेतूला पहिले स्थान आहे. ‘पाळी चुकली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या तरुणीच्या बाबतीत मात्र आपण पुष्कळदा लक्षणापाशीच थांबतो. प्रस्तुत लेखकाकडूनही हे घडले आहे. काही वर्षांपूर्वी ऊसतोड कुटुंबातील एकोणीस वर्षांची विवाहिता सासूसमवेत चिकित्सालयात आली. शेवटच्या पाळीला दीड महिना झाला होता. सासूदेखत अधिक विचारणे अप्रशस्त वाटले; मूत्रपरीक्षा न करताच रजःप्रवर्तनी वटी दिली. तीन आठवड्यांनी तीच रुग्णा ज्वर, दुर्गंधी स्राव व तीव्र उदरशूल घेऊन परतली. वटीने गुण येईना म्हणून गावातील एका बाईकडून तिने ‘काडी’ घालून घेतली होती. जिल्हा रुग्णालयातील उपचारांनी ती वाचली. सहाव्या आठवड्यात जो गर्भपात केवळ गोळ्यांनी सुरक्षितपणे झाला असता, त्याचे तीन आठवडे माझ्या वटीने खाल्ले.

कन्यासार, कासीस, टंकण व हिंग यांचा हा योग गर्भिणीला देण्याचा नव्हे, हे आपण सारे जाणतो. चित्रकमूळ, रुईचा चीक, बिब्बा ही काडीला लावली जाणारी द्रव्ये तर अगदतंत्रात आपण विष-उपविष म्हणूनच शिकलो. तरीही ती मुलगी तिकडे का वळली?

पुढे तिनेच सांगितले. मुकादमाकडून उचल घेतलेली होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्यातील एक आजारी पडली तरी खाडा दोघांच्या हिशेबात धरला जातो. हंगामात बाळंतपण कोणाला परवडणार? कोयता पुरा व्हावा म्हणून मुलींची लग्नेही लवकर उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वीच झालेला होता. गर्भनिरोधनाचा निर्णय अशा मुलीच्या हाती नसतो, परिणाम मात्र तिच्याच देहावर होतो.

अविवाहित तरुणीची अडचण निराळी. तिला व्याधीपेक्षा बोभाट्याचे भय अधिक. पैसे जमविण्यात, मैत्रिणीला विश्वासात घेण्यात आठवडे निघून जातात. त्यात रुग्णालयात ‘नवऱ्याची सही आणा’ असे ऐकावे लागते. वास्तविक अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरेशी आहे. 1971 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याच्या कारणासाठी ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘कोणतीही स्त्री अथवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभही अविवाहितेला नाकारता येणार नाही, असे म्हटले. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पालकाची लेखी संमती व पोलिसांना कळविणे आवश्यक आहे. मात्र मुलीने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी तिचे नाव उघड करू नये, ही मुभाही त्याच निकालाने दिली. ही माहिती गावापर्यंत पोहोचलेली नाही, आणि आपल्यापैकी कित्येकांपर्यंतही नाही!

औषध विक्रेत्यांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. लिंगनिदानाविरुद्धच्या कारवाईच्या धास्तीने अनेक दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडले. त्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच मान्य आहेत आणि सोनोग्राफीने लिंग साधारणतः त्यानंतरच कळते. तेव्हा ही धास्ती अनाठायी आहे. योग्य चिठ्ठी असताना नकार देणे हे चिठ्ठीविना मागच्या दाराने देण्याइतकेच घातक. चिठ्ठीविना गोळी घेणाऱ्या मुलीला गर्भ गर्भाशयाबाहेर तर नाही ना, ती पांडुग्रस्त तर नाही ना, हे पाहणारे कोणी नसते.

आपल्या पदवीला गर्भपात करण्याचा वा गोळ्या लिहून देण्याचा अधिकार नाही. 2014 च्या मसुद्यात तसा प्रस्ताव होता, 2021 च्या दुरुस्तीत तो आला नाही. याबद्दल मतभेद असोत. पण रुग्णा पहिल्यांदा आपल्याच पायरीवर येते. आता माझ्याकडे पाळी चुकलेल्या प्रत्येक स्त्रीची, विवाहित असो वा नसो, मूत्रपरीक्षा प्रथम होते. सोबतच्या नातलगांना ‘तपासणी आहे’ एवढेच सांगून बाहेर बसवितो. परीक्षा सकारात्मक आली व तिला गर्भ नको असेल, तर मान्यताप्राप्त केंद्राची चिठ्ठी त्याच दिवशी देतो आणि चार दिवसांनी तिला पुन्हा बोलावतो. ज्वर, दुर्गंधी स्राव वा मूर्च्छा दिसल्यास औषध न देता थेट जिल्हा रुग्णालयात पाठवितो, आणि चिठ्ठीवर शेवटच्या पाळीची तारीख न विसरता लिहितो.