इंग्रजीतील भूतकाळ आणि मराठीतला 'होता'

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीतून चालतो. तथापि, अन्य राज्यांशी किंवा उच्च न्यायालयाशी संबंध आला, की कागद बहुधा इंग्रजीत तयार करावा लागतो. अशा कागदांत घडून गेलेल्या गोष्टींचेच निवेदन अधिक असते. क्रियापदाचा काळ चुकल्यास सर्व शब्द बरोबर असूनही घटनांचा क्रम बदलतो.

'व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट हॅड डाइड' आणि 'व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड' ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात डॉक्टर येण्यापूर्वीच रोगी दगावला होता. दुसऱ्यात डॉक्टर आले आणि मग तो दगावला. चौकशीच्या अहवालात हा फरक लहान नव्हे.

मराठी भाषकाची गफलत होते ती 'होता' या शब्दामुळे. मराठीत तो दोन कामे करतो. दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे तो दाखवितो. पण 'मी काल नागपूरला गेलो होतो' यात दुसरी घटनाच नसते. जाऊन परत आलो, एवढाच त्याचा भाव. इंग्रजी 'हॅड' हे दुसरे काम करीत नाही. तेथे 'आय वेन्ट टू नागपूर यस्टरडे' असेच म्हणावे लागते. 'आय हॅड गॉन' म्हटले, तर वाचक पुढच्या घटनेची वाट पाहत राहतो.

'आहे'चीही गोष्ट तशीच. 'पुलाची दुरुस्ती गेल्या वर्षी करण्यात आली आहे' हे वाक्य आपल्या कार्यालयांत रुळलेले आहे. परंतु 'लास्ट इयर', 'यस्टरडे', 'इन १९७२' असा संपलेल्या काळाचा निश्चित उल्लेख आला, की इंग्रजीत 'हॅज बीन रिपेअर्ड' चालत नाही. 'वॉज रिपेअर्ड' हवे. काळाचा उल्लेख गाळून पूल दुरुस्त झालेला आहे एवढेच सांगावयाचे असेल, तर 'हॅज बीन' योग्य.

रूपांच्या बाबतीत मात्र इंग्रजी मराठीहून पुष्कळच सोपी आहे. रामाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, बोरे खाल्ली. मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत या सर्वांना एकच 'एट' पुरते. कर्ता कोणीही असो, रूप तेच. अपवाद फक्त 'वॉज' आणि 'वेअर' यांचा. अनियमित क्रियापदे सुमारे २०० असून ती पाठच करावी लागतात. 'गो'चे 'वेन्ट' कसे, असे विद्यार्थ्याने विचारल्यास 'जाणे'चे 'गेला' कसे, असे त्याला विचारावे. दोन्ही भाषांत भूतकाळाचे रूप मुळात दुसऱ्याच धातूचे आहे.

नकारात आणखी एक खाचखळगा आहे. 'तो आला नाही' यात भूतकाळ 'आला'मध्ये असतो, म्हणून मुले 'ही डिड नॉट केम' लिहितात. इंग्रजीत 'डिड' आल्यावर भूतकाळ त्यातच सामावतो आणि मूळ क्रियापद 'कम' असेच राहते. प्रश्नातही हेच: 'डिड ही कम?'

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे उच्चाराची जबाबदारी प्राथमिक शिक्षकांवर आली. नियमित क्रियापदांच्या शेवटी लिहावयाचे 'ईडी' सर्वत्र 'एड' असे वाचले जाते, ते चूक आहे. 'वॉकेड', 'हेल्पेड' नव्हे, 'वॉक्ट', 'हेल्प्ट'. अघोष वर्णानंतर 'ट', घोष वर्णानंतर आणि स्वरानंतर 'ड', आणि मूळ शब्दाच्या शेवटी 'ट' वा 'ड' असेल तरच 'इड', जसे 'वॉन्टिड'. वर्गात नियम सांगण्यापेक्षा मुलांना कंठावर बोट ठेवून 'प्लेड' आणि 'वॉक्ट' म्हणावयास लावावे. पहिल्याच्या शेवटी कंप जाणवतो, दुसऱ्याच्या शेवटी जाणवत नाही.