स्वस्त स्टिरिओ कंडेन्सर माईक : दुरुस्ती, सुधारणा आणि मुलांच्या वाचनाचं ध्वनिमुद्रण



मुलांचं प्रकट वाचन रेकॉर्ड करून महिन्याभरानं पुन्हा ऐकलं, की प्रगती लगेच कानाला कळते. पण रेकॉर्डिंगच खराब असेल तर? 'शाप' आणि 'साप', 'शाल' आणि 'साल' यांतला फरक प्रामुख्यानं उंच पट्टीच्या सळसळत्या आवाजात असतो. माईकनं तोच गिळला, तर मूल चुकलं की माईक, हे ठरवता येत नाही. बरोबर वाचणाऱ्या मुलाच्या नावापुढे उगाच फुली पडते. म्हणून आज माईकचा पाठ.

माईकच्या आत काय असतं?

स्वस्त कंडेन्सर माईकमध्ये बहुधा 'इलेक्ट्रेट' कॅप्सूल असते. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी ती तयार केली. कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पातळ पडदा आणि त्यासमोर एक धातूची चकती, इतकीच तिची रचना. आवाजानं पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि अगदी क्षीण विद्युत संदेश तयार होतो. तो पुढे पाठवायला आत एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. त्याला वीज लागते. ती माईकमधल्या सेलमधून येते किंवा रेकॉर्डरच्या खाचेतून. स्टिरिओ माईकमध्ये अशा दोन कॅप्सूल असतात, एक डावीकडे वळलेली आणि एक उजवीकडे.

बिघाड कसा शोधायचा?

सोप्याकडून अवघडाकडे जायचं, जसं आपण वर्गात जातो तसं.

१. आवाजच येत नाही : आधी बटण आणि सेल बघा. सेलची दिशा बरोबर आहे ना? स्प्रिंगवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासा. सुट्टी लागण्याआधी सेल काढून ठेवायचा, नाहीतर तो पाझरतो.

२. कॉम्प्युटरवर चालतो, मोबाईलवर नाही : पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. स्टिरिओ माईकच्या पिनवर दोन रेघा असतात, मोबाईलच्या हेडफोनच्या पिनवर तीन. दोन्हींची जोडणी वेगळी, म्हणून मधे योग्य कन्व्हर्टर लागतो. त्यातही मोबाईलची हेडफोनची खाच माईकचा एकच मार्ग घेते, म्हणजे स्टिरिओ मिळत नाहीच. बऱ्याच स्वस्त यूएसबी साऊंड कार्डांचंही असंच असतं. हा माईकचा दोष नाही!

३. एकाच बाजूनं आवाज येतो : हेडफोन लावून माईकच्या जाळीवर डावीकडे आणि उजवीकडे बोटानं हलकेच खरवडा. एक बाजू गप्प असेल तर पिनजवळची वायर वाकवून पाहा. खरखर झाली किंवा आवाज परत आला, तर वायर तिथंच तुटली आहे. तेवढा तुकडा कापून नवीन पिन जोडायची. टोक डाव्या बाजूचं, मधली कडी उजव्या बाजूची आणि मागचा भाग अर्थचा, म्हणजे वायरच्या जाळीचा.

४. घूंऽऽ असा आवाज : लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं थांबलं तर दोष माईकमध्ये नाही, बॅटरीवर रेकॉर्ड करा. तरीही येत असेल तर वायरची जाळी अर्थपासून सुटलीय का ते बघा.

काय सुधारता येईल?

बिनखर्चाची कामं आधी. 'प', 'फ', 'भ' म्हणताना श्वास माईकवर आदळतो आणि भसकन आवाज येतो. त्यासाठी फोमची टोपी घाला आणि माईक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, साधारण वीतभर अंतरावर ठेवा. अंतर निम्मं केलं की मुलाच्या आवाजाचा दाब माईकपाशी जवळपास दुप्पट होतो, पंख्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो. लाजऱ्या, हळू बोलणाऱ्या मुलांसाठी हीच सगळ्यात मोठी सुधारणा. बाकाचे धक्के लागू नयेत म्हणून खाली घडी केलेला टॉवेल ठेवा.

सोल्डरिंग येत असेल तर कॅप्सूलही बदलता येते. दोन्ही एकाच प्रकारच्या आणि एकाच वेळी घ्या, नाहीतर डावा-उजवा आवाज कमीजास्त होतो. कॅप्सूलच्या मागे दोन टोकं असतात. जे टोक धातूच्या कवचाला जोडलेलं असतं ते अर्थचं. उष्णतेनं कॅप्सूल बिघडते, म्हणून तापलेली इस्त्री टेकवायची ती दोन-तीन सेकंदच. काही कॅप्सूलना मागेही बारीक छिद्रं असतात. ती डिंकानं किंवा कापसानं बुजवू नका, नाहीतर माईक समोरचा आवाज आणि मागचा गोंगाट सारखाच पकडेल. हे काम मोठ्यांनीच, खिडकी उघडी ठेवून करायचं. मुलांनी लांबून बघायचं.

शेवटची चाचणी

आता तुम्ही स्वतः स्पष्टपणे 'शाप, साप, शाल, साल' रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या कुणाला तरी न बघता लिहून घ्यायला सांगा. चारही शब्द बरोबर आले, तरच तो माईक मुलांसमोर ठेवा. मुलांची परीक्षा घेण्याआधी माईकची परीक्षा घ्यायला पाच मिनिटं पुरतात. पुढच्या वाचनाच्या तासाआधी नक्की करून पाहा.