झोपेत कानात वाजणाऱ्या आवाजाविषयी भाच्याला पत्र

सौसर

चि. बाळास,

ताईचा फोन आला होता. ‘नीट’ परीक्षेचा अभ्यास आटोपला की तू कानात इअरफोन घालून झोपतोस म्हणे. वर पावसाचा आवाज आणि त्याच्या खाली, कानाला कळणारही नाही इतक्या हळू, ‘माझी स्मरणशक्ती वाढते आहे’ अशी कुजबुज रात्रभर. सकाळी डोकं जड असतं, हेही ती बोलली. तुझी धडपड मामाला कळते, म्हणून हे सविस्तर लिहिणं.

न जाणवणारी सूचना मनात उतरते, ही कल्पना एका सिनेमागृहातून जगभर गेली. १९५७ साली जेम्स व्हिकारी या अमेरिकन माणसानं जाहीर केलं, की न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावी चालू चित्रपटात ‘कोका-कोला प्या’, ‘पॉपकॉर्न खा’ अशी अक्षरं क्षणभर चमकवली आणि दोन्हींचा खप वाढला. पाच वर्षांनी त्यानंच कबूल केलं, की हाताशी असलेली माहिती इतकी तुटपुंजी होती की तिच्यावरून काहीच म्हणता येत नव्हतं. तोवर लोकांच्या मनात ती गोष्ट पक्की बसली होती. पुढे तिचाच आधार घेऊन छुप्या सूचनांच्या कॅसेटी निघाल्या. तुझ्या मोबाइलमधला पाऊस त्याच कुळातला.

त्या कॅसेटींची परीक्षा अँथनी ग्रीनवाल्ड या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घेतली. १९९१ साली छापून आलेला त्यांचा प्रयोग तू नीट समजून घे. दोनशेहून अधिक लोकांना बाजारातल्याच कॅसेटी दिल्या, काही स्मरणशक्तीच्या, काही आत्मसन्मानाच्या. निम्म्या लोकांच्या कॅसेटींवरची लेबलं मात्र गुपचूप बदलली. लोकांनी महिनाभर त्या रोज ऐकल्या. मग चाचणी घेतली, तर कॅसेटींतल्या सूचनांमुळे ना स्मरण वाढलं, ना आत्मसन्मान. तरीही ज्यांच्या कॅसेटवर ‘स्मरणशक्ती’ लिहिलेलं होतं त्यांच्यापैकी अनेकांना आपलं स्मरण सुधारल्यासारखं वाटत होतं, आत आत्मसन्मानाची कॅसेट असली तरी. काम केलं ते लेबलानं.

तू म्हणशील, झोपेतला आवाज अगदीच वाया जातो का? १९५६ मध्ये सायमन आणि एमन्स यांनी झोपलेल्या लोकांच्या मेंदूच्या लहरी टिपत त्यांना प्रश्नोत्तरं ऐकवली होती. गाढ झोपेत ऐकवलेलं काही लक्षात राहिलं नाही. जे राहिलं ते अर्धवट जागेपणी कानावर पडलेलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी जरा वेगळं दाखवलं. जागेपणी एखादं चित्र पडद्यावर कुठे आहे हे शिकताना जो आवाज ऐकवला, तोच झोपेत हलकेच ऐकवला, तर ती जागा अधिक चांगली आठवते. पण इथेही शिकणं आधी झालेलं होतं. न शिकलेला धडा झोपेत पाठ करून देणारा आवाज कुणालाच सापडलेला नाही.

आणि आवाजाची ताकद पाहायला तुला अमेरिका कशाला हवी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून वर झेंडा बांधला, की एका काठाला पांढुर्णा आणि समोर सावरगाव, एकमेकांवर गोटे फेकायला उभे. ढोल सुरू होतात. एरवी दुकानात शांतपणे हिशोब करणारा माणूस काठावर नुसता बघायला म्हणून येतो, ढोलाचा ठेका वाढतो, चहूकडून आरोळ्या उठतात आणि बघता बघता त्याच्या मुठीत गोटा असतो. दरवर्षी शेकडो जखमी होतात, माणसं दगावलीही आहेत. प्रशासनानं गोट्यांच्या जागी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते घेतले नाहीत. त्या ढोलात छुपं काहीच नाही. सगळं कानठळ्या बसवण्याइतकं उघड आहे. माणूस हलतो तो ऐकू आलेल्या आवाजानं, आजूबाजूच्या गर्दीनं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीनं.

तसंच, जामसावळीच्या देवळात निजलेल्या हनुमंतापुढे आरतीच्या आवाजात घुमणारी माणसं तू पाहिली आहेस. कुणाची लेक, कुणाचा भाऊ, घरच्यांनी मोठ्या आशेनं आणलेला. त्यांना हसू नकोस. तिथे कुणाला धीर मिळत असेल तर मिळो, पण मनाच्या दुखण्याला डॉक्टरही हवाच, हे तू उद्या डॉक्टर झालास की तुलाच त्यांना समजावावं लागेल.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातात तर एवढीशी खंजिरी. १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या उठावात त्यांच्या भजनांनी माणसं अशी पेटली, की इंग्रज सरकारनं त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. लोकांना शब्द कळत होते, पटत होते, आणि ते स्वतः गात होते. या गाण्यातच तुझ्या उपयोगाची गोष्ट आहे. तुझ्या आजोबांच्या पिढीनं पावकी-निमकीचे पाढे मोठ्यानं म्हणून पाठ केले. मुकाट वाचलेल्यापेक्षा मोठ्यानं म्हटलेलं जास्त लक्षात राहतं, हे कॅनडातल्या कॉलिन मॅक्लाउडनं प्रयोग करून दाखवलं आहे.

तेव्हा आजपासून इअरफोन रात्री टेबलावर. दिवसा वापरलेस तरी आवाज कमी ठेव; आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली मर्यादा आहे. झोपेत दिवसभराचा अभ्यास पक्का होतो, त्या वेळी कानात दुसरं काही नको. पाऊस ऐकत झोप लागत असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर खुशाल लाव, पण अर्ध्या तासानं बंद होईल असा. आणि व्याख्या स्वतःच्या आवाजात म्हण. आधी पुस्तक मिटून, मग उघडून चुका बघ. घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जा.

रविवारी पांढुर्ण्याला येतो आहे. उत्सर्जन संस्थेचा धडा तू तोंडानं सांगायचा, पुस्तक मामाच्या हातात असेल. ताईला सांग, जेवायला थांबेन.

तुझा
मामा