घाई सर्जनची, श्वास पेशंटचा

वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातल्या छोट्या हॉस्पिटलांत मी भूल द्यायला जाते. एका केसनंतर सर्जननी नातेवाइकांना सांगितलं, "भुलीत गडबड झाली." ते वाक्य अजून झोंबतं. म्हणून झालं ते लिहिते.

पेशंट सव्वाशे किलोच्या पुढचे, मान आखूड. झोपेत घोरता घोरता श्वास थांबतो, असं बायकोनं सांगितलेलं. बेंबीचा हर्निया अडकलेला, उलट्या चालू. पावसाळ्यातला शनिवार, पुण्याकडचे दोन्ही रस्ते तुंबलेले. पुण्याला हलवण्यात आतडं काळं पडायची भीती होती.

मी चादरींच्या घड्या रचून त्यांचे खांदे आणि डोकं उचललं. कानाचं भोक आणि छातीच्या हाडावरची खाच एका रेषेत यायला हवी. सर्जन म्हणाले, "मॅडम, गादी कसली रचताय? टेबल सपाट करा, मला पुढची केस आहे." मी केलं नाही. घट्ट मास्कनं ऑक्सिजन दिला, नाकातली नळीही चालू ठेवली.

लठ्ठ माणूस उताणा झोपला की पोट फुप्फुसांना वर रेटतं. आत ऑक्सिजनचा साठाच थोडा उरतो, आणि शरीर तो भराभर वापरतं. श्वास थांबल्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, पाहता पाहता कोसळतं.

श्वासनलिकेत ट्यूब घालताना आतलं दाखवणारा हॉस्पिटलचा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप तपासताना चालू होता. भूल देऊन तोंडात घातल्यावर पडदा काळा झाला. साध्या ब्लेडनं स्वरयंत्र दिसेना. मास्कनं छाती हलेना. ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरू लागला, आणि मला कळलं की आता ट्यूबच्या मागे लागायचं नाही, आधी ऑक्सिजन. सर्जन मागून विचारत होते, "झालं का?" माझ्या बॅगेतला, पोटातलं बाहेर काढायची वाट असलेला एलएमए, म्हणजे स्वरयंत्रावर बसणारा मास्क, मी बसवला. छाती उचलली, आकडा चढला. मग बूजीवरून, म्हणजे वाट दाखवणाऱ्या लवचिक काडीवरून, ट्यूब गेली आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅपनोग्राफवर लाट उमटली. पेशंट चालत घरी गेले. मला मात्र त्या हॉस्पिटलचा फोन पुन्हा आला नाही.

ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या २०११ च्या मोठ्या पाहणीत, लठ्ठ रुग्णांत श्वासमार्गाची गंभीर गुंतागुंत दुप्पट आढळली, अतिलठ्ठांत चौपट. २०१७ मध्ये सुमारे ५०० किलोच्या इजिप्शियन बाईंवर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मोठी टीम आधीपासून तयारीत होती. आमच्याकडे तयारी म्हणजे एक भूलतज्ज्ञ आणि एक सिस्टर.

नव्या भूलतज्ज्ञांनो, फोनवरच्या "सगळं आहे हो" वर विसंबू नका. एलएमए, बूजी, स्काल्पेल आणि सहा नंबरची ट्यूब स्वतःची बाळगा. सगळं फसलं तर श्वासासाठी गळ्यावर छेद द्यावा लागतो, आणि जाड मानेत ती जागा ऐनवेळी सापडत नाही. भूल देण्याआधीच ती पेनानं आखा. दोन प्रयत्नांत ट्यूब गेली नाही तर थांबा, मदत बोलवा. शेवटी ट्यूब काढताना पेशंट पूर्ण जागा आणि अर्धवट बसलेला हवा. त्या रात्री झोपेची आणि अफूच्या जातीची औषधं जपून द्या, सॅच्युरेशनवर नजर ठेवा. कॅपनोग्राफ नसेल तिथे ठरवून करायची केस घेऊच नका.

पेशंट आणि घरच्यांनो, घोरणं लपवू नका. वजन कमी करायची इंजेक्शनं घेत असाल तर सांगा. त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं. उपाशी राहायला सांगितलं तर चहासुद्धा घेऊ नका. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर मोठ्या हॉस्पिटलात करा. भूल कोण देणार हे विचारा, त्या डॉक्टरांना आदल्या दिवशी भेटा.

आणि सर्जन मंडळींनो, भूलतज्ज्ञानं पाच मिनिटं मागितली तर ती द्या. पेशंटला कसं झोपवायचं आणि भूल केव्हा सुरू करायची, हे ठरवायचा अधिकार त्याचाच आहे.