सीमेची भाषा : ग्रँड नदीकाठचा एक दस्तऐवज

खरेदीखतातील चतुःसीमा आपण बहुधा न वाचताच पुढे जातो. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट. दस्तऐवजातील प्रत्येक नामाला जमिनीवर एक निश्चित वस्तू असणार, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक कोसळते तेव्हा काय घडते, याचे कॅनडातील एक उदाहरण येथे पाहू.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हौडेनोसौनी, म्हणजेच ‘सिक्स नेशन्स’, या मूलनिवासी राष्ट्रसंघातील अनेकांनी ब्रिटिशांची बाजू घेतली आणि न्यूयॉर्ककडील आपली भूमी गमावली. तिच्या मोबदल्यात क्युबेकचा गव्हर्नर फ्रेडरिक हाल्डिमंड याने १७८४ मध्ये त्यांना ग्रँड नदीकाठचा प्रदेश दिला. त्यासाठी ब्रिटिशांनी त्याच वर्षी मिसिसॉगा या दुसऱ्या मूलनिवासी समाजाकडून जमीन घेतली होती. मिसिसॉगांशी झालेल्या त्या करारात एक सीमारेषा वायव्येस जाऊन ला ट्रान्श (आजची थेम्स) नदीला मिळते, असे लिहिले होते. मोजणी झाल्यावर आढळले की, ती रेषा त्या नदीला मिळतच नाही. १७९२ मध्ये नवा करार करावा लागला. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते; चूक होती ती भूगोलाची.

हाल्डिमंडच्या घोषणेतील शब्द अधिक महागात पडले. ईरी सरोवरापासून नदीच्या उगमापर्यंत, दोन्ही काठांना सहा मैल, असे तिचे वर्णन होते. नदी तर वळणे घेत वाहते; मोजणीदार ऑगस्टस जोन्स याने १७९१ मध्ये सरळ रेषा आखल्या. १७९३ च्या सिम्को पट्ट्याने उगमाकडील भाग वगळला. तो भाग मिसिसॉगांकडून घेतलेलाच नव्हता, ही शासनाची बाजू; ‘उगमापर्यंत’ म्हणजे उगमापर्यंतच, ही सिक्स नेशन्सची. त्यांच्या प्रमुखांनी हा पट्टा स्वीकारला नाही.

सुमारे साडेनऊ लाख एकरांपैकी आज राखीव क्षेत्र सुमारे ४६ हजार एकर उरले आहे. हा सारा ऱ्हास शब्दार्थावर ढकलण्याचा मोह भाषाभ्यासकाने टाळावा. विक्री, दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे, अतिक्रमण आणि ज्यांना संमती होती की नाही यावर आजही वाद आहे असे हक्कत्याग, ही कारणे अधिक मोठी आहेत. २००६ मध्ये कॅलेडोनिया येथे घरबांधणीची जागा सिक्स नेशन्सच्या लोकांनी अडवली, तो संघर्ष अशाच एका हक्कत्यागावरून पेटला.

पुढे क्रेडिट नदीकाठ सोडावा लागलेल्या मिसिसॉगांना १८४७ मध्ये सिक्स नेशन्सनी आपल्याच क्षेत्रात वसण्यास जागा दिली. हा विनिमय मात्र दोन मूलनिवासी राष्ट्रांमधला होता.

स्वयंअध्ययन : आपल्या घरातील किंवा परिचयातील एखादे जुने खरेदीखत मिळवा. त्यातील चतुःसीमेच्या वर्णनातील कोणत्या नामांचा निर्देश आज जमिनीवर सापडतो व कोणत्यांचा नाही, ते सुमारे १०० शब्दांत लिहा.