लष्करात मिस्त्री व्हायचं म्हणतोस

चि. भाच्यास,

लष्करात गाड्यांचा मेकॅनिक व्हायचं तुझ्या मनात आहे, असं ताईकडून कळलं. शहापूर-मुरबाडच्या पोराला या कामाची ओळख करून द्यायला नको. इकडे कसारा घाट, तिकडे माळशेज. भरलेला ट्रक उतारावर खालच्या गिअरमध्ये न आणता नुसत्या ब्रेकवर सोडला की लायनर जळतात, आणि रात्री-बेरात्री बॅटरीच्या उजेडात चाक उघडावं लागतं. हायवेवरच्या गॅरेजातला पोऱ्या नुसत्या आवाजावरून टॅपेट सैल आहे की बेअरिंग गेलंय ते ओळखतो. शाळा म्हणून ते गॅरेज चांगलंच.

पण तिथे तार बांधून, पत्र्याचा तुकडा घालून गाडी हलवणारा हुशार ठरतो. लष्करात नाही. नट किती आवळायचा हे तिथे पुस्तकात ठरलेलं असतं. टॉर्क रेंच लावायचा आणि केलेलं काम गाडीच्या नोंदवहीत चढवायचं. कारण दुरुस्त करणारा एक, चालवणारा दुसरा आणि ती पुढे बंद पडेल तिथला मेकॅनिक तिसराच. आधी काय झालं होतं, हे त्याला वहीवाचून कोण सांगणार?

हे काम ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, या दलाकडे असतं. दल 1943 सालचं. त्यातल्या साध्या जवानाचा हुद्दाच क्राफ्ट्समन. किरकोळ दुरुस्ती पलटणीजवळची छोटी तुकडी करते, मोठी मागच्या वर्कशॉपात होते आणि इंजिन पार सोडवायचं तर बेस वर्कशॉप. त्यातलं 512 नंबरचं आपल्या खडकीला आहे.

बदली लडाखलाही होऊ शकते. तिथे हवा विरळ, त्यामुळे इंजिन धापा टाकतं. थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. म्हणून इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. एअर ब्रेकच्या टाकीत साचलेलं पाणी संध्याकाळी सोडलं नाही, तर रात्रीत त्याचा बर्फ होतो आणि सकाळी ब्रेक दगा देतात. आपल्याकडे हा आळस खपून जातो.

लडाखच्याच वाटेवरच्या झोजी ला खिंडीत नोव्हेंबर 1948 च्या लढाईत आपले रणगाडे पोचले, ते आधी कुणी तरी उघडले म्हणून. वाटेतल्या कमजोर पुलांसाठी त्यांचे बुरूज उतरवले होते, पुढे पुन्हा बसवले. नावं लढवय्यांची राहिली, पानेवाल्यांची क्वचितच.

आता भरतीचं. अग्निवीर तांत्रिक पदासाठी आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. नोकरी 4 वर्षांची. कायम होतात जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणून बाहेर पडल्यावर हाती काय राहील, ते आजच बघ. आयटीआयला मेकॅनिक डिझेल 1 वर्षाचा, मेकॅनिक मोटर व्हेईकल 2 वर्षांचा. मी दुसरा घेईन. मात्र प्रमाणपत्र दाखवलं म्हणून मेकॅनिकचंच काम मिळेल, असं नाही. ट्रेड लष्कर ठरवतं, आणि आधी बंदुकीचं प्रशिक्षण सगळ्यांनाच.

दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते या आठवड्यात बघून घे. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाक, जाहिरात निघायची वाट बघू नकोस.

तुझा,
मामा