वांग्याचं बी धरताना

१. संकरित वांग्याचं बी धरू नये. मी धरलं होतं. बी एकाच फळाचं, पण झाडांवर जांभळी, हिरवट, लांबट, गोल, काटेरी, बिनकाटी अशी नाना तऱ्हेची वांगी. दुकानदाराने फसवलं असं वाटलं, पण बियाणं खोटं नव्हतं. मेंडेल नावाच्या शास्त्रज्ञाने जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या वाटाण्याचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळी फुलं जांभळी आली. दुसऱ्या पिढीत ७०५ झाडं जांभळ्या फुलांची निघाली आणि २२४ पांढऱ्या. पांढरा रंग नाहीसा झाला नव्हता, दबून बसला होता. संकरित वाणाच्या दुसऱ्या पिढीत माझ्या वाफ्यातही तेच झालं.

२. फळ नव्हे, झाड बघावं. इथे मी सगळ्यात जास्त चुकलो. उकिरड्याशेजारच्या झाडाला पावशेराचं एकेक वांगं लागलं, म्हणून त्याचंच बी ठेवलं. पुढच्या वर्षी रोपं चारचौघांसारखी निघाली. ती पुष्टाई खताची होती. खत बियात उतरत नाही. आता रानाच्या मधली, सगळ्यांइतकंच खतपाणी मिळालेली झाडं बघतो. आजूबाजूची झाडं मर रोगाने गेली आणि एखादं उभं राहिलं, तर त्याला लाल चिंधी बांधतो. तरी लगेच भरवसा ठेवत नाही. रोगातून ते नशिबानेही वाचलेलं असतं. त्याचं बी वेगळ्या ओळीत लावून पोरं कशी निघतात ते बघितल्यावरच ठरवतो.

३. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी मलमलीच्या पिशवीत झाकावी. वांग्याचं फूल स्वतःच्या परागावर फळ धरतं, पण मधमाशी शेजारच्या वाणाचा परागही आणते. तसं झालं तरी यंदाचं वांगं आईसारखंच दिसतं. भेसळ बियात असते, ती पुढच्या वर्षी कळते. सकाळी पिशवीवरूनच फुलाला हलकी टिचकी मारावी. पराग पुंकेसराच्या टोकाच्या बारीक भोकांतून झडतो.

४. पिकांची रानटी भावकी तोडू नये. केवडा रोगाला त्या काळी दाद न देणारी परभणी क्रांती भेंडी परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा भेंडीच्या एका रानटी भावकीशी संकर करून काढली. बांधावरचं असलं झुडूप तण म्हणून जाळताना माझा हात आता थांबतो.

५. एकाच झाडाचं बी ठेवू नये. दहा-बारा झाडांचं ठेवावं, फळ पिवळं पडून मऊ होईपर्यंत झाडावर राहू द्यावं. आई बी राखेत घोळून डब्यात भरायची. तिच्या वाणात दोन-चार झाडं नेहमी पांढऱ्या रेघांची यायची. मी ती उपटायला निघालो, तेव्हा तिने हात धरला होता. ती झाडं अजून येतात, आणि मी त्यांचंही बी धरतो.